एजचा पूल झाला आणि निम्म्या कॉलचा आवाज गेला: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

संस्था मध्यम आकाराची. एक मुख्य कार्यालय, काही शाखा आणि घरून किंवा फिरतीवर काम करणारे बरेच कर्मचारी. फोन, चॅट, मीटिंग हे सगळं स्वतःच्या डेटा सेंटरमधल्या स्काइप फॉर बिझनेस सर्व्हर २०१९ वर चालायचं. संभाषणाचा डेटा बाहेर ठेवायचा नाही असं संस्थेचं धोरण होतं, त्यामुळे क्लाउडचा पर्याय चर्चेत नव्हताच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. खाली येणारे सार्वजनिक आयपी पत्ते उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातले आहेत.

बाहेरचे लोक आत येत ते एका एज सर्व्हरमधून. डीएमझेडमध्ये, म्हणजे इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्या मधल्या राखीव पट्ट्यात, बसलेला हा सर्व्हर तीन वेगळी कामं करतो. ॲक्सेस एज सिप सिग्नलिंग, म्हणजे कॉल जुळवणाऱ्या निरोपांची देवाणघेवाण, सांभाळतो: लॉगिन, चॅट, कोण हजर आहे याची खूण आणि 'तुम्हाला कॉल येतोय' हा निरोप. वेब कॉन्फरन्सिंग एज मीटिंगमधल्या सादरीकरणाचा डेटा नेतो. ए/व्ही एज प्रत्यक्ष आवाज आणि चित्र वाहतो. तिघांचे पोर्ट (वाहतुकीचे क्रमांकित दरवाजे) वेगळे, बाहेरचे पत्ते वेगळे आणि बिघडण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. लॉगिन होतंय, चॅट जातोय, फोन वाजतोय म्हणून ए/व्ही एज ठीक आहे असं अजिबात म्हणता येत नाही. या प्रकरणातला बराचसा वेळ याच गैरसमजावर गेला.

जुना एज वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला होता. पण तो एकटाच होता. विंडोजचे अपडेट लावून रीस्टार्ट केला की बाहेरचे सगळे एकदम तुटायचे. एकदा अशा रीस्टार्टच्या वेळी वरिष्ठांची महत्त्वाची मीटिंग चालू होती आणि मग 'दोन एज हवेत' हा निर्णय व्हायला वेळ लागला नाही.

उभारणी

एक सर्व्हरचा पूल (पूल म्हणजे एकच काम वाटून करणारा सर्व्हरचा गट) म्हणून नोंदवलेल्या एजमध्ये नंतर दुसरा सर्व्हर जोडता येत नाही. टोपॉलॉजी बिल्डरमध्ये, म्हणजे सगळ्या सर्व्हरची रचना (टोपॉलॉजी) नोंदवायच्या साधनात, अनेक सर्व्हरचा नवा पूल करावा लागतो. त्यामुळे जुना एज तसाच ठेवून शेजारी दोन नवे सर्व्हर उभे राहिले. त्यांना आपण 'क' आणि 'ख' म्हणू. भार वाटण्यासाठी डीएनएस लोड बॅलन्सिंग निवडलं, म्हणजे एकाच नावाला दोन ए रेकॉर्ड (नावापुढे आयपी पत्ता सांगणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदी). बाहेरचे पत्ते फायरवॉलवर नॅट केलेले, म्हणजे सार्वजनिक पत्ता फायरवॉल आतल्या खासगी पत्त्यात बदलते: क चा ए/व्ही पत्ता आतून १९२.१६८.५०.११ आणि जगाला दिसणारा २०३.०.११३.२१, ख चा आतून १९२.१६८.५०.१२ आणि बाहेरून २०३.०.११३.२२. ए/व्ही एज नॅटमागे असेल तर त्याचा सार्वजनिक पत्ता टोपॉलॉजीत स्वतंत्रपणे भरावा लागतो. तो भरलेला होता, आणि बरोबर होता.

एज डोमेनमध्ये नसतो, त्यामुळे प्रायमरी डीएनएस सफिक्स हाताने लावावा लागतो. नेटवर्क कार्डं दोन, पण डिफॉल्ट गेटवे फक्त बाहेरच्या कार्डावर. आतल्या प्रत्येक सबनेटसाठी (नेटवर्कच्या भागासाठी) कायमचा स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेला रस्ता. इथे टीमने एक चूक वेळीच पकडली. रूट फक्त १०.०.०.०/८ साठी होता आणि एक शाखा १७२.२० च्या पट्ट्यात होती. तिथल्या क्लायंटचं पॅकेट एजच्या आतल्या कार्डावर येणार आणि उत्तर मात्र बाहेरच्या गेटवेने निघून जाणार, असा प्रकार झाला असता.

ख वर आणखी एक गाठ बसली. सेंट्रल मॅनेजमेंट स्टोअरचं रेप्लिकेशन, म्हणजे मध्यवर्ती सेटिंग्जची प्रत ख वर उतरणं, होईना. स्थिती विचारली की 'अपटुडेट: फॉल्स'. पोर्ट ४४४३ उघडा होता, नाव रिझॉल्व्ह होत होतं. कारण निघालं सर्टिफिकेट स्टोअरमध्ये. मूळ, स्वतःच स्वतःला दिलेल्या सर्टिफिकेटांसाठीच्या ट्रस्टेड रूट फोल्डरमध्ये एक इंटरमीजिएट (मधल्या पायरीचं) सर्टिफिकेट पडलेलं होतं. 'इश्यूड टू' आणि 'इश्यूड बाय' वेगळे असलेलं सर्टिफिकेट त्या फोल्डरमध्ये असलं की विंडोज सर्व्हर २०१२ पासूनचं शॅनेल (विंडोजमधला सुरक्षित जोडणी सांभाळणारा भाग) क्लायंट सर्टिफिकेट नाकारायला लागतं. रजिस्ट्रीत एक मूल्य बदलून ही तपासणी सैल करता येते आणि तशी सूचनाही आली. टीमने ती नाकारली आणि सर्टिफिकेट योग्य फोल्डरमध्ये हलवलं. डीएमझेडमधल्या यंत्रावर तपासणी सैल करणं मलाही पटलं नसतं.

यानंतर चाचणी झाली. दोन इंजिनिअर डेटा सेंटरशेजारच्या खोलीत गेस्ट वाय-फायवर बसले, बाहेरून लॉगिन झाले, एकमेकांना फोन केला. आवाज स्वच्छ, व्हिडिओ स्वच्छ. चाचणी उत्तीर्ण, शनिवारी रात्री डीएनएस बदलला. या चाचणीकडे पुढे परत येऊ, कारण तिनेच सगळ्यांना फसवलं.

अडचण

सोमवारी सकाळी हेल्पडेस्कवर पहिल्या तक्रारी आल्या. फोन वाजतो, समोरचा उचलतो, 'कनेक्ट होत आहे' असं दिसत राहतं आणि दहा-बारा सेकंदांनी कॉल तुटतो. परत लावला की कधी लागतो, कधी नाही. चॅट उत्तम. लॉगिनची एकही तक्रार नाही. काही लोकांना दिवसभरात काहीच त्रास झाला नाही. एकाच घरात बसलेल्या दोन कर्मचाऱ्यांपैकी एकाचे कॉल लागत होते, दुसऱ्याचे नाही.

पहिला संशय घरच्या इंटरनेटवर गेला. हेल्पडेस्कने राउटर बंद-चालू करायला सांगितलं. कॉल पुन्हा लावल्यावर निम्म्या वेळा तो तसाही लागायचा, त्यामुळे 'राउटर रीस्टार्ट केल्यावर प्रश्न सुटला' अशा शेऱ्यासह बरीच तिकिटं बंदही झाली. अधूनमधून येणाऱ्या दोषाची हीच पंचाईत. कुठलाही उपाय निम्म्या लोकांना लागू पडतो.

दुपारपर्यंत आकडा वाढला आणि प्रकरण वर गेलं. मला त्या टप्प्यावर बोलावलं गेलं.

आवाज जातो कसा

पुढचं समजायला आइस ही पद्धत थोडक्यात सांगायला हवी. कॉल सुरू होताना प्रत्येक क्लायंट आपल्यापर्यंत पोहोचायचे पत्ते गोळा करतो. एक स्वतःच्या कार्डाचा पत्ता, म्हणजे होस्ट कँडिडेट. दुसरा आपल्या राउटरच्या बाहेरून दिसणारा, रिफ्लेक्सिव्ह. तिसरा एज सर्व्हरकडून तेवढ्यापुरता उसना घेतलेला, रिले. ही यादी सिपच्या निरोपातल्या एसडीपी नावाच्या मजकुरातून समोरच्याला जाते, त्याची यादी इकडे येते आणि मग दोघे सगळ्या जोड्या आजमावतात. जी जोडी जुळेल तिच्यावरून आवाज वाहतो. सरळ रस्ता मिळाला तर रिलेची गरजच पडत नाही.

रिले मिळवायला ओळखपत्र लागतं. ते देणारी सेवा एजच्या आतल्या बाजूला, पोर्ट ५०६२ वर असते. क्लायंट लॉगिन झाला की फ्रंट एंडमार्फत (आतला मुख्य स्काइप सर्व्हर) हे ओळखपत्र मागून घेतो. मुदत डिफॉल्टने आठ तास. ते घेऊन तो ए/व्ही एजच्या ३४७८ यूडीपी किंवा ४४३ टीसीपी पोर्टवर (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती) जातो आणि रिले मागतो. मेख अशी की ओळखपत्र पूलमधला कुठलाही सर्व्हर देऊ शकतो आणि रिले मागायला क्लायंट कुठल्याही सर्व्हरकडे जाऊ शकतो. डीएनएसने जो पत्ता दिला तो.

समोरचे पर्याय

त्या दुपारच्या बैठकीत चार सूचना मांडल्या गेल्या.

पहिली: जुन्या एजवर परत जा. टीटीएल, म्हणजे डीएनएसचं उत्तर लक्षात ठेवायची मुदत, आधीच पाच मिनिटांवर आणला होता, जुना सर्व्हर चालू होता. टोपॉलॉजीत फ्रंट एंडची मीडियासाठीची जोडणी पुन्हा बदलायची, डीएनएस उलटवायचा, झालं. वापरकर्त्यांच्या दृष्टीने हा सर्वात सुरक्षित मार्ग. पण दोष जिथे आहे तो पूल मग वापरातच राहणार नव्हता, आणि पुढच्या शनिवारी आपण पुन्हा याच खोलीत असू हे सगळ्यांना दिसत होतं.

दुसरी: ५०००० ते ५९९९९ हा पूर्ण पट्टा इंटरनेटकडून आत उघडा. ही सूचना उभारणी करणाऱ्या पुरवठादाराची आणि ती आग्रहाने आली. जुन्या काळात या पट्ट्याची खरोखर गरज असे, म्हणून अनेकांच्या टिपणांत तो अजून आहे. पण २०१९ च्या आवृत्तीत रिमोट क्लायंटला आत यायला ३४७८ आणि ४४३ पुरतात. शिवाय पट्टा बंद असता तर क आणि ख दोघांवरही तो सारखाच बंद असता. मग कॉल अधूनमधून लागायचं कारण काय? सुरक्षा विभागाने नकार दिला आणि माझ्या मते योग्य दिला. 'उघडून बघू या' म्हणून उघडलेले दहा हजार पोर्ट नंतर कोणी बंद करत नाही.

तिसरी: डीएनएस लोड बॅलन्सिंग सोडून हार्डवेअर लोड बॅलन्सर, म्हणजे भार वाटणारं स्वतंत्र यंत्र, लावा. यात अडचण अशी की हार्डवेअर लोड बॅलन्सर लावला तर ए/व्ही एजला नॅटमागे बसता येत नाही, खरे सार्वजनिक पत्ते थेट कार्डावर द्यावे लागतात. म्हणजे डीएमझेडची पुन्हा आखणी. आजच्या आगीवर हा उपाय नव्हता.

चौथी: ख तेवढा बाजूला काढा, पूल एका पायावर चालवा आणि बघा.

चौथी स्वीकारली. तिच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. लोकांचं काम त्याच संध्याकाळी पूर्ववत होणार होतं, आणि झालं तर दोष 'दोन असण्यात' आहे हेही कळणार होतं. ख चे ए रेकॉर्ड आतून आणि बाहेरून काढले, त्याच्या सेवा सावकाश बंद केल्या. टीटीएलची पाच मिनिटं उलटली तशा तक्रारी थांबल्या.

इथे थांबायचा मोह मोठा होता. व्यवस्थापनाला कॉल लागत होते एवढंच दिसत होतं. पण या स्थितीत संस्था जिथून निघाली तिथेच परत आली होती, फक्त यंत्रं एकाऐवजी तीन. टीमच्या प्रमुख बाईंनी प्रकरण उघडंच ठेवायचं ठरवलं आणि रोज रात्री कार्यालयीन वेळेनंतर ख च्या सेवा चालू करून तपासायची मुभा मिळवली.

पहिला दोष

चाचणीची रचना बदलणं हे पहिलं काम. गेस्ट वाय-फायवरचे ते दोन लॅपटॉप एकाच नेटवर्कवर होते. आइसने त्यांना एकमेकांचा होस्ट पत्ता जोडून दिला आणि आवाज त्या खोलीतल्या खोलीत फिरला. एजच्या रिलेला हातही लागला नव्हता. आइस आपलं काम इतकं चोख करतो की बाकीचे रस्ते बुजवल्याशिवाय रिले तपासताच येत नाही.

म्हणून रस्ते बुजवले. दोन लॅपटॉप, दोन वेगळ्या मोबाइल हॉटस्पॉटवर. दोघांच्याही विंडोज फायरवॉलमध्ये एजचे सार्वजनिक पत्ते आणि डीएनएस एवढं सोडून बाहेर जाणारं सगळं बंद. आता आवाज गेला तर रिलेवरूनच जाणार. शिवाय होस्ट्स फाइलमध्ये (डीएनएसआधी पाहिली जाणारी लॅपटॉपवरची नाव-पत्त्यांची यादी) ए/व्ही नावापुढे एक ओळ, जेणेकरून कुठला लॅपटॉप कुठल्या एजकडे जातो हे आपण ठरवू. ख डीएनएसमध्ये नव्हताच, त्यामुळे फ्रंट एंड ओळखपत्र आणणार ते नेहमी क कडूनच. दिवसा जे चार बाजूंनी हलत होतं ते आता एका जागी खिळलं.

निकाल लगेच लागला. दोन्ही लॅपटॉप क वर: कॉल लागतो. एक जरी ख वर: कॉल लागत नाही. एकदाही नाही.

क्लायंटचे लॉग स्नूपर या लॉग वाचायच्या साधनात उघडले. लागलेल्या कॉलच्या एसडीपीमध्ये रिलेच्या ओळी होत्या, २०३.०.११३.२१ या पत्त्याच्या. न लागलेल्या कॉलमध्ये ख वर खिळवलेल्या लॅपटॉपच्या यादीत होस्ट आणि रिफ्लेक्सिव्ह होते, रिलेची ओळच नव्हती. म्हणजे जोड्या आजमावण्याआधीच बिघाड होता. क्लायंटला रिले मिळतच नव्हता.

पॅकेट कॅप्चर घेतला तेव्हा टीममधला एक तरुण इंजिनिअर उत्साहाने म्हणाला, "सर, हे बघा, ४०१ येतोय. अनधिकृत." निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष घाईचा. टर्न, म्हणजे रिले मागायची ठरलेली पद्धत, तिच्यात पहिल्या विनंतीला ४०१ येतोच. सर्व्हर आधी आव्हान देतो, मग क्लायंट ओळखपत्र लावून तीच विनंती पुन्हा पाठवतो. क वरच्या लागलेल्या कॉलचा कॅप्चर शेजारी ठेवला तर तिथेही पहिला ४०१ होता. फरक दुसऱ्या उत्तरात होता. क ने दुसऱ्या वेळी रिले दिला, ख ने दुसऱ्या वेळीही नकार दिला. चालणाऱ्या कॉलचा कॅप्चर आधी घ्यायची सवय यासाठीच असावी. नाहीतर निरोगी माणसाचा ठोकाही आजारासारखा ऐकू येतो.

नकार ओळखपत्राला होता, आणि ते दिलं होतं क ने. ख ला ते पटत नव्हतं. ओळखपत्र ज्या सर्टिफिकेटच्या आधाराने बनतं, ते ए/व्ही ऑथेंटिकेशनचं सर्टिफिकेट पूलमधल्या सगळ्या सर्व्हरवर एकच हवं, खासगी किल्लीसकट. दोघांवरची सर्टिफिकेटं पाहिली. दोन्हींवर नाव पूलचं. देणारी संस्था तीच, आतली सर्टिफिकेट ऑथॉरिटी. मुदत संपायची तारीखसुद्धा तीच. डिप्लॉयमेंट विझार्डच्या यादीत दोन्ही ओळी हुबेहूब. पण पॉवरशेलने थंबप्रिंट, म्हणजे प्रत्येक सर्टिफिकेटचा वेगळा असणारा ठसा, काढला तेव्हा दोन वेगळे आकडे समोर आले. विझार्ड क वर चालवला, मग त्याच दिवशी तीच माहिती भरून ख वर चालवला आणि दोन स्वतंत्र सर्टिफिकेटं तयार झाली. डोळ्यांनी पाहून हा फरक कळणं अशक्य होतं.

दिवसा निम्मे कॉल का लागत होते याचाही उलगडा झाला. ओळखपत्र आणि रिले योगायोगाने एकाच सर्व्हरकडून मिळाले की काम व्हायचं. पुन्हा लावलेला कॉल म्हणजे नव्याने फासे टाकणं होतं.

दुरुस्तीतला निर्णय

साधा उपाय: क चं सर्टिफिकेट किल्लीसकट एक्स्पोर्ट करून ख वर टाकायचं. ते जमलं नाही. मागवताना 'खासगी किल्ली एक्स्पोर्ट करता येईल' या खुणेची चौकट रिकामी सोडली होती. नवं सर्टिफिकेट, या वेळी ती खूण करून, मागवावं लागलं.

मग प्रश्न आला बदलायचं कसं. क वर ते थेट बदललं तर लॉगिन असलेल्या सगळ्यांच्या हातातली ओळखपत्रं त्या क्षणी निकामी होणार. नवी मिळेपर्यंत रिले नाही, म्हणजे तेच दुखणं पुन्हा, आता सगळ्यांना. रात्री बदललं तरी लॅपटॉप उघडा ठेवून झोपणारे असतातच. दुसरा मार्ग लिंक सर्व्हर २०१३ पासून (स्काइप फॉर बिझनेसचा पूर्वज) उपलब्ध आहे: सर्टिफिकेट 'रोल' करायचं. नवं सर्टिफिकेट पुढची वेळ देऊन लावून ठेवायचं. त्या वेळेपासून नवी ओळखपत्रं नव्यावर बनतात, आणि जुन्यावर बनलेली आपापली मुदत संपेपर्यंत चालतात.

रोलचा मार्ग घेतला. ख रिकामाच होता, त्यावर नवं सर्टिफिकेट थेट लावलं. क वर ते पुढच्या पहाटेपासून लागू होईल असं लावलं. पहाट उलटून आठ तासांहून जास्त वेळ गेल्यावर, संध्याकाळी, ख तपासायला घेतला. या मार्गाने एक पूर्ण दिवस जास्त गेला. व्यवस्थापनातून 'दहा मिनिटांचं काम आहे ना' असा फोनही आला. पण एकाही वापरकर्त्याला काही जाणवलं नाही.

दुसरा दोष

आता दोन्ही लॅपटॉप ख वर: कॉल लागतो. दोन्ही क वर: लागतो. एक क वर, एक ख वर: दहा-बारा सेकंद आणि तुटला.

लक्षण तेच, पण आतलं चित्र वेगळं. या वेळी दोन्ही याद्यांमध्ये रिलेच्या ओळी होत्या, एकीकडे .२१, दुसरीकडे .२२. रिले मिळाले होते; ते एकमेकांना भेटत नव्हते. सोमवारी हे दोन दोष एकावर एक बसले होते. एकच दुरुस्त करून ख दिवसा आत आणला असता तर तक्रारी निम्म्या झाल्या असत्या आणि 'सर्टिफिकेटचं काही नव्हतं' असं कोणीतरी नक्की म्हटलं असतं.

दोन्ही एजच्या बाहेरच्या कार्डांवर एकाच वेळी कॅप्चर लावले. क वरून २०३.०.११३.२२, पोर्ट ३४७८ कडे पॅकेट निघताना दिसत होती. ख वर काहीच पोहोचत नव्हतं. दोघे एकाच सबनेटमध्ये, एकाच स्विचवर. पण क ला ख ओळखू येतो तो सार्वजनिक पत्त्याने, त्यामुळे पॅकेट फायरवॉलकडे जातं आणि तिथून वळून परत त्याच डीएमझेडमध्ये यायला हवं. याला हेअरपिन म्हणतात. जुना एज एकटा असताना दोन एजमधला प्रवास हा प्रकारच नव्हता, म्हणून फायरवॉलवर त्यासाठी कधी नियम लिहिला गेला नव्हता.

फायरवॉलवाल्यांचं म्हणणं होतं, "आमच्या लॉगमध्ये एकही ड्रॉप नाही." तेही खोटं बोलत नव्हते. ज्या इंटरफेसवरून आलं त्याच इंटरफेसवरून परत जाणारं पॅकेट त्यांच्या यंत्रावर एका अंतर्गत डिफॉल्ट नियमाने पडत होतं आणि त्या नियमाचं लॉगिंग बंद होतं. ते चालू केल्यावर ओळींचा पाऊस पडला.

हेअरपिनचा नियम लिहिला. .२२ कडे आलेलं पॅकेट १९२.१६८.५०.१२ कडे वळवायचं. कॅप्चरमध्ये ख वर पॅकेट दिसू लागली. कॉल तरीही लागेना.

बारकाईने पाहिल्यावर दिसलं की ख वर येणाऱ्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.५०.११ होता, क चा खासगी पत्ता. ख ला सांगितलेलं होतं की समोरचा २०३.०.११३.२१ आहे. अनोळखी पत्त्यावरून आलेल्या पॅकेटला रिलेने दाद दिली नाही. आणि उत्तर दिलं असतं तरी ते त्याच सबनेटमधून फायरवॉलला वगळून थेट गेलं असतं. नियमात दोन्ही टोकं बदलावी लागतात: जाणाऱ्याचा मूळ पत्ता सार्वजनिक करायचा आणि गंतव्य खासगी करायचं. दुसरं अर्धं, म्हणजे सोर्स नॅट, जोडल्याबरोबर क–ख कॉल लागला. ख–क साठी तसाच दुसरा नियम. ३४७८ यूडीपी आणि ४४३ टीसीपी, एवढंच. ५०००० चा पट्टा कुठेही उघडावा लागला नाही.

निष्पत्ती

चारही जोड्या, म्हणजे क–क, क–ख, ख–क, ख–ख, यूडीपीवर एकदा आणि यूडीपी बंद करून टीसीपी ४४३ वर एकदा तपासल्या. मग ख डीएनएसमध्ये परत आला. तक्रारी आल्या नाहीत. जुना एज आणखी काही काळ चालू ठेवला आणि मग टोपॉलॉजीतून काढला.

ज्यासाठी हे सगळं केलं ती चाचणीही झाली. कार्यालयीन वेळेत, आधी सांगून, क रीस्टार्ट केला. चॅट काही क्षण अडखळून ख वर गेला. नवे कॉल लागले. पण क च्या रिलेवरून चालू असलेले कॉल तुटले. हे व्यवस्थापनाला आवडलं नाही. चालू कॉलचा मीडिया एका एजवरून दुसऱ्यावर उचलून नेला जात नाही. पूलमुळे सेवा बंद पडत नाही, हातातला कॉल मात्र वाचत नाही. निर्णय झाला तेव्हाच हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. देखभालीसाठी सर्व्हर आधी सावकाश रिकामा करायचा आणि मग रीस्टार्ट करायचा, असा क्रम आता ठरला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्टिफिकेटच्या बाबतीत उपाय सोपा होता: एकदाच मागवायचं, एक्स्पोर्टची खूण करायची, दोन्हीकडे तेच टाकायचं आणि थंबप्रिंट जुळवून नोंदवहीत लिहायचा. टीमच्या यादीत 'सर्टिफिकेट लावले' अशी एक चौकट होती. ती दोन्ही सर्व्हरपुढे प्रामाणिकपणे भरलेली होती. यादीने प्रश्नच चुकीचा विचारला होता.

फायरवॉलच्या मागणीपत्राचं तसंच. त्यात स्रोत, गंतव्य, पोर्ट असे रकाने. इंटरनेटकडून एजकडे, एजकडून आत. 'एजकडून एजकडे' अशी ओळ कोणाच्या मनातच आली नाही, कारण चित्रात दोन्ही सर्व्हर एकाच चौकोनात काढलेले होते. चौकोनाच्या आत बाण काढायचा असतो हे चित्र पाहून सुचत नाही.

ख ला पहिल्याच दुपारी बाजूला काढण्याऐवजी जुन्या एजवर परत जायला हवं होतं का, यावर नंतरच्या बैठकीत मतभेद झाले. सुरक्षित तोच मार्ग होता हे खरं. तरी मला चौथा पर्याय पुन्हा निवडावासा वाटेल, कारण त्याने लोकांना सेवा दिली आणि दोषाची जागाही दाखवली. टीटीएल कमी केलेला नसता तर माझं मत वेगळं असतं.

कॉलच्या दर्जाची नोंद ठेवणारा मॉनिटरिंगचा डेटाबेस संस्थेकडे होता. रविवारी झालेल्या मोजक्या कॉलमध्येही मीडिया न जुळल्याच्या नोंदी त्यात पडलेल्या होत्या. त्या पाहायचं काम कोणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं. आता बदलानंतरच्या सकाळी तो अहवाल उघडणं ही एका नेमून दिलेल्या व्यक्तीची जबाबदारी आहे.

एक प्रश्न अजून लोंबकळतोय. ए/व्ही एजला नॅट काढून थेट सार्वजनिक पत्ते द्यावेत का? तसं केलं तर हेअरपिनचे नियम लागणारच नाहीत आणि फायरवॉल बदलताना ते विसरायची भीतीही राहणार नाही. सुरक्षा विभागाला ते मान्य नाही. डीएमझेडमधलं कुठलंही यंत्र नॅटशिवाय नको, हा त्यांचा नियम. स्काइप फॉर बिझनेस सर्व्हर २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतरच्या सबस्क्रिप्शन एडिशन या आवृत्तीकडे जातानाही एजची रचना हीच राहते, त्यामुळे हा वाद त्या कामाच्या पहिल्या बैठकीत पुन्हा निघेल. तोवर हेअरपिनच्या दोन्ही नियमांपुढे फायरवॉलमध्ये शेरा लिहून ठेवला आहे: 'काढण्यापूर्वी कम्युनिकेशन टीमला विचारा.'